घटक ४ : किल्ला वाचताना – धारूर ते देवगिरी, एक भाषिक स्थलदर्शन

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• मध्ययुगीन किल्ला व तेथील मशिदी यांच्या पाहणीतून मराठीच्या शब्दसंग्रहाचा इतिहास सांगता येईल;
• फार्सी-अरबी शब्द मराठीत येताना त्यांच्या उच्चारात व रूपांत झालेले बदल स्पष्ट करता येतील;
• ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांतील भेद स्थलवर्णनात कसा अर्थ घडवतो, हे ओळखता येईल;
• पाहिलेले, नोंदलेले आणि वाटलेले यांत फरक करून क्षेत्रभेटीचा अहवाल लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

ही पुस्तिका ज्या लिफाफ्यातून तुमच्या हाती आली, तो अजून जवळ असेल तर त्यावरील पत्ता पाहा. दिंद्रुडच्या विद्यार्थ्याच्या लिफाफ्यावर ‘मु. पो. दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड’ असे लिहिलेले असते. यातील ‘मुक्काम’ हा शब्द अरबी ‘मुकाम’चा, म्हणजे थांबण्याच्या जागेचा. ‘पोस्ट’ इंग्रजी. ‘तालुका’ अरबी ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध या शब्दाच्या कुळातला. ‘जिल्हा’ अरबी ‘ज़िलअ’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू असा आहे. गावांची नावे वगळली, तर या पत्त्यातील एकही शब्द संस्कृत वा प्राकृतातून आलेला नाही. तरीही संपूर्ण पत्ता मराठी आहे. टपाल वाटणाऱ्यास त्यात परके असे काही जाणवत नाही.

हे शब्द कधी व कोणत्या वाटेने आले? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात जसे मिळते, तसे ते दगडातही मिळते. राज्यकारभाराची भाषा किल्ल्यावरून गावात उतरत असे. म्हणून या घटकात आपण एक किल्ला ‘वाचणार’ आहोत. आरंभ तुमच्या परिसरातील धारूरपासून करू आणि मुख्य विवेचन देवगिरी-दौलताबादचे करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ धारूर : जिंकणाऱ्याचे नाव व लोकांचे नाव

दिंद्रुडहून तेलगावमार्गे घाट चढून गेले, की बालाघाटाच्या माथ्यावर धारूर लागते. येथील आजचा किल्ला १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखान याने बांधला. त्या काळी विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांत सीमेवरून सतत झगडे चालू होते व धारूर हे त्या झगड्यातील मोक्याचे ठाणे होते. पुढे थोड्याच अवधीत निजामशाही फौजेने किल्ला घेतला आणि किश्वरखान त्या लढाईत मारला गेला. १६३०-३१च्या मोहिमेत मोगल सेनापती आझमखान याने धारूर जिंकले. त्यानंतर त्यास ‘फतेहाबाद’ हे नाव मिळाले. ‘फतह’ म्हणजे विजय आणि ‘आबाद’ म्हणजे वसलेले.

हे नाव सरकारी कागदांत चालले. परंतु घाट चढणारा कोणताही माणूस आज ‘मी फतेहाबादला जातो’ असे म्हणत नाही. तो धारूरलाच जातो. याच्या उलट देवगिरीचे झाले. मुहंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी तेथे हलविली व नाव ‘दौलताबाद’ ठेवले. हे नाव टिकले. गावाचे नाव तेच, रेल्वे स्थानकाचे नाव तेच. मात्र त्याच लोहमार्गावरून धावणाऱ्या गाडीचे नाव ‘देवगिरी एक्स्प्रेस’. नाव टिकणे अथवा न टिकणे हे केवळ फर्मानाने ठरत नाही. रोजच्या वापराने ठरते. हा भाषाविज्ञानातील मूलभूत नियम तुम्हांला घराजवळच्या दोन किल्ल्यांवर पडताळता येतो.

४.२.२ देवगिरी-दौलताबाद : थोडा कालक्रम

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळच्या रस्त्याने सुमारे १५ कि. मी. गेल्यावर शंकूच्या आकाराची एक सुटी टेकडी दिसते. हाच तो किल्ला. पाहणीला जाण्यापूर्वी पुढील कालक्रम वहीत उतरवून घ्यावा.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम पाचवा याने देवगिरी ही राजधानी केली. रामदेवरावाच्या कारकिर्दीत अल्लाउद्दीन खलजीची स्वारी झाली (१२९६). १३१८च्या सुमारास कुतुबुद्दीन मुबारक खलजीने यादव राज्य संपविले. त्याच सुमारास येथील जामा मशीद बांधली गेली. १३२७मध्ये तुघलकाची राजधानी आली. १३४७मध्ये बहमनी सत्तेचा पहिला सुलतान अल्लाउद्दीन हसन याचा राज्याभिषेक येथेच झाला. पंधराव्या शतकाच्या मध्यास दुसऱ्या अल्लाउद्दीन अहमदशाह बहमनीच्या काळात चाँदमिनार उभा राहिला. त्यानंतर निजामशाही आली. १६३३मध्ये शाहजहानच्या मोगल सैन्याने किल्ला घेतला. पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला आणि १९४८मध्ये हैदराबाद संस्थानाबरोबर भारतात आला.

आता हा कालक्रम मराठी वाङ्मयाच्या कालक्रमाशेजारी ठेवा. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची आणि महानुभावांचे प्राचीन गद्यही याच यादवकाळातले. म्हणजे मराठी ग्रंथभाषा म्हणून आकार घेत होती, तेव्हा देवगिरी तिच्या प्रदेशाची राजधानी होती; आणि लगेच पुढच्या शतकात फार्सी ही दरबाराची भाषा म्हणून त्याच टेकडीवर आली. मराठीच्या इतिहासातील हा सांधा एकाच जागी उभे राहून पाहता येतो.

४.२.३ पायथ्यापासून माथ्यापर्यंत : शब्दांची चढण

प्रवेश करताना तीन तटबंद्या ओलांडाव्या लागतात: अंबरकोट, महाकोट व कालाकोट. ‘कोट’ हा शब्द संस्कृत ‘कोट्ट’चा. ‘अंबर’ मात्र अरबी. एकाच नावात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत.

दोन्ही बाजूंस बुरूज दिसतात. मूळ अरबी शब्द ‘बुर्ज’. शेवटी आलेले ‘र्ज’ हे जोडाक्षर मराठी जिभेला अवघड वाटले, म्हणून मध्ये स्वर घातला गेला. या प्रक्रियेस स्वरभक्ती म्हणतात. ‘हुक्म’चे ‘हुकूम’ आणि ‘ज़ख्म’चे ‘जखम’ याच रीतीने झाले. बदल एवढ्यावर थांबला नाही. विभक्ती लागताच ‘बुरूज’चे ‘बुरजावर’ आणि ‘हुकूम’चे ‘हुकमाने’ होते; जसे ‘लाकूड’चे ‘लाकडाने’ व ‘कापूस’चे ‘कापसाचा’. म्हणजे बाहेरून आलेल्या शब्दाने केवळ वस्ती केली नाही, त्याने घरचे व्याकरण स्वीकारले.

दरवाजा फार्सी आहे. पण तो ‘घोडा’ या शब्दाप्रमाणे चालतो: दरवाजे, दरवाज्यात. मशीद हा शब्द अरबी ‘मस्जिद’चा. ‘स-ज-द’ म्हणजे नमणे, भूमीस मस्तक टेकणे. त्यास ‘म’ हा पूर्वप्रत्यय लागून ‘नमण्याची जागा’ असा अर्थ झाला. हीच घडण ‘मदरसा’ (शिकण्याची जागा) व ‘मकबरा’ (कबरीची जागा) या शब्दांत आहे. ‘मकबरा’ आणि ‘कबर’ हे सख्खे भाऊबंद आहेत, हे ध्यानात ठेवा. मराठीत ‘मशीद’ स्त्रीलिंगी असून तिचे अनेकवचन ‘मशिदी’ असे ‘जमीन–जमिनी’च्या वळणावर होते.

मशिदीसमोर चाँदमिनार आहे. ‘मिनार’ व ‘मनोरा’ ही एकाच अरबी शब्दाची दोन रूपे. त्या शब्दाच्या मुळाशी ‘नूर’ म्हणजे प्रकाश आहे. वर चढताना चिनी महाल लागतो. निळसर नक्षीच्या कौलांवरून त्याला हे नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह येथे मोगलांच्या कैदेत होता.

पुढे कडा तासून केलेला खंदक. हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तो मराठीत फार्सी-अरबी म्हणून आला. परंतु अरबीने तो जुन्या फार्सीतून घेतला होता व तेथे त्याचा अर्थ ‘खणलेले’ असा होता. जुन्या इराणी भाषांतील ‘कन्’ आणि संस्कृतातील ‘खन्’ हे धातू भाषाशास्त्रज्ञ एकाच मुळापर्यंत नेतात. तेव्हा ‘खंदक’ आणि आपले ‘खणणे’ हे दूरचे नातलग ठरतात. एक घरीच राहिला आणि दुसरा अरबस्तान फिरून परत आला.

खंदकावरील अरुंद पुलानंतर अंधारी हा काळोखी भुयारी मार्ग आहे. शब्द अस्सल देशी आहे. त्याच्याही वर बारादरी: ‘बारा’ आपले, ‘दर’ म्हणजे दार हे फार्सी. वाटेत मागे पाहिलेला ‘हत्ती हौद’ तसाच: हत्ती आपला, हौद अरबी. माथा म्हणजे बालेकिल्ला. शाळेत असताना मी या शब्दाची फोड ‘बाल + किल्ला’ म्हणजे लहान किल्ला अशी केली होती, आणि कित्येक वर्षे ती मला बरोबर वाटत होती. वस्तुतः फार्सी ‘बाला’ म्हणजे वरचा. ओळखीच्या शब्दाचा आधार घेऊन अनोळखी शब्दाचा अर्थ लावण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती अज्ञानातून येते तशी आपलेपणातूनही येते.

४.२.४ शब्द घेणे व शब्द टाकणे

फार्सी शब्दांबाबत मराठी समाजाची भूमिका नेहमी एकच नव्हती. सोळाव्या शतकात संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, अशी परंपरा आहे. एकनाथांनी ‘अर्जदस्त’सारख्या रचनांत कचेरीची फार्सीमिश्रित भाषा परमार्थासाठी वापरली. सामान्य माणसाला अर्ज कसा करतात हे ठाऊक होते, म्हणून देवापुढील विनंतीही अर्जाच्या रूपात त्याला समजली.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी याच्या उलट दिशेचा प्रयत्न केला. त्यांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त रघुनाथपंत हणमंते यांनी फार्सी-अरबी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात किल्ल्यांविषयीचा ‘दुर्गवर्ग’ स्वतंत्र आहे. अष्टप्रधानांपैकी मुजुमदाराचा अमात्य व डबिराचा सुमंत झाला. स्वराज्याची स्वतःची राजभाषा असावी, ही त्यामागची जाण होती. तरीही पुढच्या शतकात मराठी सत्तेचे सर्वांत परिचित पद ‘पेशवा’ याच फार्सी नावाने ओळखले गेले आणि महाराजांच्या गडांनाही आपण ‘किल्ले रायगड’ असेच म्हणतो.

या दोन दिशांपैकी एक खरी व दुसरी खोटी असे मानण्याचे कारण नाही. शब्दाचे मूळ जाणणे ही एक गोष्ट आहे, तो वापरावा की नाही हे ठरविणे ही दुसरी. माधव जूलियन यांनी फार्सी-मराठी कोश रचला (१९२५) आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्तेही झाले. अभ्यासकाने दुसऱ्या प्रश्नाची घाई पहिल्या प्रश्नावर लादू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

४.२.५ ‘आपला’ किल्ला, ‘त्यांची’ मशीद : एका अहवालाची गोष्ट

हा उपविभाग माझ्या एका चुकीविषयी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी संपर्कसत्रातील विद्यार्थ्यांना घेऊन मी दौलताबादला गेलो होतो. सगळे नोकरी-व्यवसाय करणारे, प्रौढ. दोघांचा मिळून एक अहवाल, अशी योजना होती. एका जोडीत एक शेतकरी गृहस्थ व एक एस.टी.चे वाहक होते. सत्राला दोघे नेहमी शेजारी बसत आणि एकमेकांच्या वह्या उतरवून घेत.

जामा मशिदीच्या प्रशस्त अंगणात उभे राहून शेतकरी विद्यार्थ्याने वहीत लिहिले: ‘आपला किल्ला पाहून नंतर त्यांची मशीद पाहिली.’ वाहक विद्यार्थ्याने वाक्य वाचले आणि शांतपणे विचारले, ‘त्यांची म्हणजे कोणाची? मी तर दौलताबादला आज पहिल्यांदाच आलोय.’ कोणी काही बोलले नाही. परतीच्या प्रवासात दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. अहवाल दोन आले. एकात फक्त ‘मंदिरे पाडून बांधलेली’ एवढेच होते, दुसऱ्यात फक्त ‘अत्यंत सुंदर व प्रेक्षणीय वास्तू’ एवढेच. दोहोंवर मी शेरा मारला: ‘दोन्ही मते ग्राह्य.’

तो शेरा समंजस दिसतो. वास्तविक ती माझी पळवाट होती. ती ‘मते’ नव्हती, ती वाक्ये होती, आणि वाक्ये तपासणे हेच माझे काम होते. ते काम आता आपण करू.

मराठीला प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. ‘आम्ही जेवतो’ आणि ‘आपण जेवू’ यांतील दुसऱ्या वाक्यातच ऐकणाऱ्याचे ताट असते. हिंदीतल्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या सर्वनामात हा भेद नाही. म्हणून मराठीत ‘आपला’ लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येते: या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे? शेतकरी विद्यार्थ्याच्या पहिल्या शब्दाने सोबत्याला घरात घेतले व त्याच वाक्यातील ‘त्यांची’ने त्याला उंबऱ्याबाहेर उभे केले.

शिवाय वाक्य वस्तुस्थितीलाही धरून नव्हते. ‘आपल्या’ म्हटलेल्या किल्ल्यात यादवांनंतरच्या अनेक सुलतानांचे बांधकाम आहे. आणि ‘त्यांच्या’ म्हटलेल्या मशिदीच्या दालनातील कोरीव खांब यादवकाळातील येथल्याच कारागिरांच्या हातचे, मंदिरांतून आणलेले आहेत. आज त्या वास्तूत भारतमातेची मूर्ती आहे. १९४८नंतरच्या काळापासून ती ‘भारतमाता मंदिर’ म्हणून ओळखली जाते. एका इमारतीत एवढे थर असताना ‘आपले–त्यांचे’ ही दोन खणांची पेटी अपुरी पडते.

म्हणून क्षेत्रभेटीच्या वहीचे पान तीन रकान्यांत विभागावे.

पाहिलेले – ‘खांबांवर कोरीव काम आहे, खांब एकसारखे नाहीत.’
नोंदलेले – ‘खलजी राजवटीत १३१८च्या सुमारास बांधकाम; मंदिरांतील खांबांचा वापर.’
वाटलेले – ‘दालनाची भव्यता पाहून मन स्तिमित झाले’ किंवा ‘मोडलेल्या मंदिरांच्या विचाराने वाईट वाटले.’

तिसरा रकाना गाळू नये. दुःखही खरे असते, कौतुकही खरे असते. मात्र तिसऱ्या रकान्यातील वाक्य पहिल्या रकान्यात लिहिले, की ते असत्य होते. आणि दुसऱ्या रकान्यातील वाक्य कोणाला बोचेल म्हणून गाळले, तरी अहवाल असत्यच होतो. मंदिरांचे खांब वापरले गेले, हे लिहिलेच पाहिजे. परंतु त्या क्रियापदाचा कर्ता चौदाव्या शतकातील राजवट आहे. जवळजवळ सातशे वर्षांनी शेजारी उभा असलेला सहाध्यायी त्या वाक्यात कर्ता म्हणून येऊ शकत नाही. ही नैतिक सूचना वाटेल, पण आधी ती व्याकरणाची सूचना आहे.

त्या दोघांचे पुढे काय झाले? पदवी दोघांनी घेतली. पुन्हा शेजारी बसलेले मी त्यांना पाहिले नाही. तुम्ही वापरता तो ‘गैरसमज’ हा शब्दही जोडशब्द आहे: ‘गैर’ अरबी, ‘समज’ आपला. त्या दिवशी तो दूर करण्याची संधी माझ्या हाती होती, लाल शाईच्या पेनासह.

४.२.६ पाहणीची पूर्वतयारी

(१) किल्ला सकाळी लवकर चढावा. पाणी व विजेरी बरोबर असावी. अंधारीत एकट्याने जाऊ नये. (२) दगडावर खडूने, कोळशाने काही लिहू नये. शिलालेखास हात लावू नये. (३) जेथे नमाज चालू असते अशा मशिदीत परवानगी घेऊन, पादत्राणे काढून, नमाजाची वेळ टाळून जावे. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. (४) तेथील वृद्धांना वास्तूच्या भागांची नावे विचारावीत व ती ऐकली तशीच, उच्चारासह लिहावीत. पुस्तकातील नाव वेगळे असल्यास दोन्ही नोंदवावीत. बोलीतील नाव हे चुकीचे नाव नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘बुर्ज’चे ‘बुरूज’ होण्याच्या प्रक्रियेस काय म्हणतात? आणखी एक उदाहरण द्या.
२. दोन भाषांच्या मिश्रणातून बनलेली तीन स्थलनामे वा वास्तुनामे सांगा.
३. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद एका वाक्यात लिहा.

(उत्तरे : १. स्वरभक्ती, हुक्म–हुकूम. २. अंबरकोट, बारादरी, हत्ती हौद. ३. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो समाविष्ट असतो.)

४.३ सारांश

किल्ल्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत संस्कृत, देशी, फार्सी व अरबी शब्द एकमेकांच्या शेजारी आहेत. बाहेरून आलेल्या शब्दांनी मराठीचे उच्चार, लिंग व विभक्ती स्वीकारल्या आणि ते मराठी झाले. एकनाथांनी हे शब्द वापरले, ‘राज्यव्यवहारकोशा’ने त्यांना पर्याय दिले, दोन्ही प्रयत्न मराठीच्या इतिहासाचा भाग आहेत. वादग्रस्त स्मृती असलेल्या वास्तूविषयी लिहिताना पाहिलेले, नोंदलेले व वाटलेले वेगळे ठेवावे आणि सर्वनामे जपून वापरावीत.

४.४ क्षेत्रीय कार्य

धारूरचा किल्ला व गावातील एक जुनी मशीद यांना सहाध्यायासह भेट द्या. दोघांनी मिळून एकच अहवाल लिहावा (सुमारे ५०० शब्द). वास्तूच्या भागांचे किमान १५ शब्द जमवून त्यांचे मूळ, लिंग व सामान्यरूप द्यावे. अहवालात ‘आपण’, ‘आम्ही’ व ‘ते’ ही सर्वनामे जेथे जेथे येतील, तेथे ती कोणासाठी आहेत हे समासात लिहावे. अहवाल पाठविण्यापूर्वी तो एकमेकांस मोठ्याने वाचून दाखवावा. वाचताना ज्या वाक्यापाशी दोघांपैकी एकाचा आवाज अडखळेल, ते वाक्य तेथेच थांबून पुन्हा एकत्र लिहावे.